निंगव्वाची चप्पल

होळी विझली की मदभावीच्या तिठ्यावर
पाय दिसायला लागतात.
माणसं नंतर. आधी पाय.
मी बसतोच तेवढ्या उंचीवर.

उमदीचे, जतचे, ऐनापूरचे.
टाच मराठी की कानडी ते भेगेवरनं कळत नाही,
काटा मोडला आणि शिवी आली की कळतं.

मल्लय्याचा डोंगर पाचशे किलोमीटर,
उगादीच्या आत पोचायचं.
मी कसला नवस बोललेलो नाही.
आरी, रापी, मेणाचा गोळा, वादीचं भेंडोळं
पिशवीत घालतो आणि दोन दिवस त्यांच्यासंगं चालतो,
कृष्णेवरच्या बंधाऱ्यापर्यंत. तिथं जिल्हा संपतो.
बापही तिथनंच माघारी फिरायचा.
का, ते विचारायचं राहिलं.

कंबी पुढं, घुंगरं वाजवत.
शिवपुत्र बांबूच्या मरगालांवर,
आमच्या डोक्यांवरनं ओरडतो,
"अथणी दिसाय लागली गा!"
त्याचा मला काही धंदा नाही.

बेदाण्याच्या शेडांतून गंधकाची धुरी,
तिथल्या बायका ओंजळीनं ओले मनुके देतात.
ताकाची घागर घेऊन कुणी बांधावर उभं.
कॉलेजातला एक पोरगा रस्त्यातच मांडी घालून
परक्या म्हाताऱ्याच्या पोटऱ्या तेलानं चोळतोय,
खांदा आणि कानाच्या मध्ये फोन,
"येतो रे, अजून बारा पाय राहिल्यात."

निंगव्वा सगळ्यांच्या मागं.
तिच्या पायातली जोडी बघितली आणि मी थांबलो.
अंगठ्याजवळच्या वेणीचा पीळ उलटा.
माझा बाप डावखुरा होता.

"कुठनं घेतलीस, अव्वा?"
कागवाडच्या बाजारात, म्हणाली, नवरा होता तेव्हा.
ती कानडीत सांगत होती, मी मराठीत विचारत होतो,
भाषा बदलायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तेवीस वर्षं. तळ तीनदा बदललेला, परक्या हातांनी.
एकानं तर खिळे मारलेले!
खिळे. बापाच्या चपलेला.

सत्तीच्या देवळात, मोबाइलच्या उजेडात
मी एकेक खिळा उपसला, वादी ओवली.
ती शेजारी बसून भाकरीत शेंगाचटणी घालून
माझ्यापुढं सरकवत राहिली.
पैशाचं तिनं विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

सकाळी बंधाऱ्यावर ऊन आधीच येऊन बसलेलं.
खाली पाणी थोडं, वर गेटांचा आवाज जास्त.
निंगव्वानं चप्पल काढली.
"इथनं फुडं अनवाणी. बोललेली हाय."

मग रात्रभर शिवून कशाला घेतलीस?

"तुला तरी झोप कुठं येत हुती?"

जोडी माझ्या हातात देऊन म्हणाली, बर्तीनि.
येते, म्हणजे. आमच्याकडं जाते असं कुणी म्हणत नाही.
कंबीची घुंगरं पलीकडच्या उसात शिरेपर्यंत मी उभा.
मग माघारी. जोडी पिशवीत घातली नाही,
हातातच धरून आणली, अठ्ठेचाळीस किलोमीटर,
टेम्पोवाल्यानं बस म्हटलं तरी बसलो नाही.

उगादी होऊन आठवड्यानं तिठ्यावर एसटी थांबली.
कपाळभर भस्म, पायाला फडकी,
निंगव्वा थेट दुकानात. पाय घातला चपलेत.
शिरेना.

"आखडलीस तू."
"तुझा पाय पसरलाय, अव्वा."
"ह्या वयात?"

करंगळीभर. मोजून दाखवलं तरी पटेना.
चामडं भिजवलं, कळबुतावर चढवलं,
म्हटलं, दोन दिवस लागतील, जा घरी.
"बसते की," म्हणाली, आणि बसली
पायरीवर, कुत्र्याला प्रसादाचा तुकडा मोडून घालत.

बऱ्याच वेळानं, मान वर न करता, मी विचारलं,
बंधाऱ्याच्या पुढं रस्ता कसाय?

"तापतो," ती म्हणाली.